दुर्मीळ जुन्या मोटारी प्रत्यक्ष पाहताना : अनुभव धागा

जुन्या मोटारींची छायाचित्रे आपण सर्वांनीच भरपूर पाहिलेली असतात. कोणत्या गाडीला किती सिलिंडर होते, ती कोणत्या साली बनली, जगात तिचे किती नग उरले आहेत, हे सारे घरबसल्या वाचता येते. तरीही संग्रहालयात किंवा प्रदर्शनात त्याच गाडीसमोर उभे राहिल्यावर असे काहीतरी ध्यानात येते, जे चित्रावरून कळणे शक्यच नव्हते. या धाग्यात नेमके तेच लिहावे, अशी विनंती आहे. गाडीची माहिती अवश्य द्या. परंतु तिच्यासमोर उभे राहिल्याखेरीज जे तुम्हांला कळलेच नसते, ते आवर्जून सांगा. मग तो आकार असो, आवाज असो, वास असो किंवा एखादी झिजलेली मूठ असो. सुरुवात मीच करते.

फ्रान्समधील म्युलूझ येथील मोटार संग्रहालय हे मुळात हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्प्फ या लोकरीच्या गिरण्यांच्या मालक बंधूंचे खासगी वेड. गिरण्या डबघाईला आल्या आणि १९७७ मध्ये कामगारांनी इमारतीचा ताबा घेतला, तेव्हा आत केवढा खजिना दडवून ठेवला आहे हे जगाला दिसले. १९८२ मध्ये तेथे सर्वांसाठी संग्रहालय खुले झाले. एकट्या बुगाटीच्याच शंभराहून अधिक गाड्या तेथे आहेत, आणि त्यांत टाइप ४१ म्हणजे ‘रॉयाल’ या गाडीच्या एकूण सहा नगांपैकी दोन आहेत.

रॉयालची मापे मला पाठ होती: पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर ४.३ मीटर, एका रांगेतले आठ सिलिंडर, इंजिन १२.७ लिटरचे. पण तेथल्या दोन रॉयालपैकी ‘कूपे नेपोलियन’ नावाच्या गाडीशेजारी उभी राहिले, तेव्हा तिचे चाक जवळजवळ माझ्या कंबरेपर्यंत येत होते, आणि छायाचित्रात डौलदार वाटणारे ते बॉनेट एखाद्या होडीसारखे लांबच लांब पसरलेले होते. मागच्या प्रवाशांना बंदिस्त कक्ष आणि चालक मात्र उघड्यावर, ही रचनाही समोर पाहिल्यावरच खुपली. रेडिएटरच्या टोपणावर सोंड उंचावून उभा असलेला इवलासा हत्ती आहे. कंपनीचे संस्थापक एत्तोरे बुगाटी यांचे दिवंगत बंधू रेम्ब्रांट यांनी घडवलेल्या शिल्पावरून तो घेतला आहे. एवढ्या प्रचंड यंत्राच्या टोकाला भावाची आठवण जपलेली पाहून मी बराच वेळ तेथून हलले नाही. महामंदीमुळे यांतल्या तीनच गाड्या ग्राहकांना विकल्या गेल्या. मात्र तेच इंजिन पुढे फ्रान्सच्या रेल्वेडब्यांना बसवण्यात आले. तसा एक डबा त्याच शहरातील रेल्वे संग्रहालयात आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

*

माझा अनुभव याच्या अगदी उलट, म्हणजे लहानपणाचा आहे, गाडीच्या लहानपणाचा. श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर नेतात आणि तेथून उतरत उतरत काळ पुढे सरकतो. वरती आधी एक घोडा भेटतो आणि मग कार्ल बेंझ यांची १८८६ ची तीनचाकी. तिला गाडी म्हणावे की सायकल, असा प्रश्न मला पडला. तारांच्या आऱ्यांची चाके, बसायला एक बाकडे आणि मागे आडवे फिरणारे उघडे गतिचक्र. इंजिनाची शक्ती जेमतेम पाऊण अश्वशक्ती.

बेर्टा बेंझ १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन, पतीला न कळवता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला याच गाडीच्या सुधारित नमुन्याने गेल्या, ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलो होतो. वाटेत त्यांनी औषधाच्या दुकानातून इंधन घेतले, टोपीच्या पिनेने इंधनाची नळी साफ केली, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. परंतु ते बाकडे पाहीपर्यंत शंभर किलोमीटर म्हणजे काय, याची मला कल्पना नव्हती. पायाखाली अरुंद फळी, हातात एक दांडा, डोक्यावर छत नाही, वाऱ्याला अडवणारे काही नाही. त्या बाईंच्या धैर्याचे माप मला त्या बाकड्याच्या रुंदीवरून कळले.

*

मी गाड्यांच्या पत्र्याचे काम करतो, त्यामुळे प्रदर्शनात माझी नजर नेहमी मडगार्डवर जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अनेक उंची गाड्यांचे कारखाने फक्त चेसिस आणि इंजिन विकत असत. वरचा सांगाडा ग्राहक दुसऱ्या कारागिरांकडून बनवून घेई. आत अ‍ॅश या झाडाच्या लाकडाची चौकट आणि तिच्यावर हाताने ठोकून, दोन चाकांमध्ये पत्रा दाबणाऱ्या यंत्रात पुढे-मागे फिरवून गोलाई दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. एका प्रदर्शनात सकाळच्या तिरप्या उन्हात मी अशा एका गाडीच्या बाजूला उकिडवा बसलो आणि दरवाजावर पडलेले झाडाच्या फांदीचे प्रतिबिंब पाहू लागलो. साच्यात दाबलेल्या पत्र्यावर ती रेघ सलग धावते. येथे ती एका जागी किंचित थरथरत होती, साधारण तळहाताएवढ्या जागेत. तेथे कोणाचा तरी हातोडा एकदा जास्त पडला होता आणि त्याने तो उंचवटा जवळजवळ, पण पूर्णपणे नाही, बसवला होता. ते काम करणारा माणूस केव्हाच गेला असेल. मला मात्र त्याचा हात ओळखीचा वाटला.

म्हणूनच अति चकचकीत करून टाकलेल्या गाड्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. नवा रंग देताना लांबी भरून अशा खुणा कायमच्या पुसल्या जातात. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या नामांकित प्रदर्शनात २०२४ चा सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ या नव्याने न सजवलेल्या, जुन्या रंगाच्या गाडीला मिळाला. जतन केलेल्या गाडीला तो मान तेथे प्रथमच मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

*

तक्रार लिहिली तर चालेल ना? एका संग्रहालयात केवळ एका गाडीसाठी मी लांबचा प्रवास केला. गाडी होती, पण दोरी इतकी दूर बांधलेली आणि उजेड इतका मंद की डॅशबोर्डवरचा एकही काटा दिसला नाही. रंग आणि चामडे यांना प्रखर प्रकाश सोसत नाही हे मला मान्य आहे. मग निदान आतल्या भागाचे मोठे छायाचित्र शेजारी लावायला हवे होते.

*

फोर्ड मॉडेल टी दुर्मीळ नाही. १९०८ ते १९२७ या काळात तिचे दीड कोटीहून अधिक नग बनले. दुर्मीळ आहे ती सुरू होताना पाहणे. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी आधी स्टिअरिंगखालची डावी दांडी वर केली, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी सोय केली. मग हॅन्डल डाव्या हाताने धरले आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला. इंजिनाने उलटा झटका दिला तर हॅन्डल हातातून सुटून जावे, मनगट मोडू नये, यासाठी ही खबरदारी. चावी फिरवताच लाकडी पेटीतल्या कॉइलमधून भुंग्यासारखा गुणगुणाट ऐकू आला. एक हिसका वर, दुसरा हिसका, आणि सगळी गाडी ओल्या कुत्र्यासारखी अंग झाडू लागली. नंतर त्यांनी मला पेडल दाखवले. डावे पेडल दाबले की पहिला गिअर, सोडले की वरचा, मधले पेडल मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे. पायाखाली ॲक्सिलरेटर नाहीच, तो हाताने ओढायचा. मी पंचवीस वर्षे गाडी चालवते आहे, पण त्या आसनावर बसल्यावर माझे दोन्ही पाय पूर्ण गोंधळून गेले.

*

हेग येथील लाउमन संग्रहालयातील ‘हंस’ गाडीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कोलकात्यात राहणाऱ्या रॉबर्ट मॅथ्यूसन यांनी १९१० च्या सुमारास ती इंग्लंडमध्ये बनवून घेतली. पुढचा भाग अख्खा हंसाचा: मान उंच, डोळ्यांत दिवे, आणि गर्दी हटवण्यासाठी चोचीतून गरम पाण्याचा फवारा. रस्त्यावर इतका गोंधळ उडाला की पोलिसांनी ती फिरवण्यास बंदी घातली. पुढे ती नाभा संस्थानाच्या महाराजांकडे गेली. चित्रात ती केवळ विचित्र वाटते. जवळून पाहिल्यावर मानेवरचे एकेक पीस वेगळे कोरलेले दिसते, आणि हे काम कोणीतरी पूर्ण श्रद्धेने केले आहे याबद्दल शंका उरत नाही.

*

मला संग्रहालयापेक्षा रस्ता आवडतो. दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्या लंडनहून ब्रायटनला जातात. इंग्लंडमध्ये वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवली गेली, त्या आनंदात १८९६ मध्ये निघालेल्या फेरीची ही आठवण. हाइड पार्कमध्ये अंधार असतानाच मी पोहोचलो. गाड्या दिसण्याआधी त्यांचा वास आला: न जळलेले पेट्रोल, तापलेले तेल, ओली लोकर. पहाट होताच लाल झेंडा, म्हणजे गाडीपुढे झेंडा घेऊन माणूस चालवण्याच्या जुन्या सक्तीची खूण, फाडला गेला आणि एकेक गाडी निघाली. एखादीची वाफ गळत होती, एखादीतले प्रवासी घोंगड्यांत गुरफटलेले होते.

पुढे एका चढावर मी थांबलो होतो. एक लहानशी एक सिलिंडरची गाडी ठक्, ठक्, ठक् करत आली आणि निम्म्या चढावर तिचे ठोके इतके विरळ झाले की मी ते मोजू लागलो. चालवणाऱ्याने नुसते मागे वळून पाहिले. मागची बाई पदपथावर उतरली, आम्ही तिघे अनोळखी लोक धावलो आणि गाडीच्या पाठीला हात लावला. पितळी दिव्याची कड गार होती, लाकडी पाटी मात्र इंजिनाच्या उष्णतेने कोमट. माथा आला तसे ठोके पुन्हा जुळले, ती बाई धावत जाऊन चढली आणि गाडी आमच्या हातांतून सुटून उताराला लागली.