गोव्यातली तरुण पोरं इगर्जीत (चर्चमध्ये) का दिसत नाहीत?

फोंडेकर: शेजारच्या गावात आयताराच्या मिसेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, पांढरे केसच तेवढे दिसतात. तरुण कॅथलिक धर्मापासून तुटलेत. मोबाइल आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांनी वाट लावली, घरात धाक राहिला नाही.

बार्देसकार: डोकं फिरलं हे वाचून, म्हणून सविस्तर लिहितो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. तो घेऊन घरंच्या घरं इंग्लंडात स्विंडन, साउथॉलला गेली. माझ्या वाड्यावर फिरून बघा: बल्कांवावर (दारापुढच्या ओट्यावर) पाचोळा, दाराला गंजलेलं कुलूप. उरलेले तारवटी, जहाजांवर नोकरीला. पोरगा गावातच नाही, तर त्याची श्रद्धा गेली असं कशावरून ठरवता? सेंट फ्रान्सिस झेवियरच्या २०२४ च्या शवप्रदर्शनाला जुन्या गोव्यातल्या रांगा पाहिल्या नाहीत वाटतं!

साष्टीची: सगळं परदेशावर ढकलू नका. माझे दोघेही मुलगे मडगावातच नोकरी करतात. कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, होईपर्यंत दोत्रीन (धर्मशिक्षणाचा वर्ग) चुकवली नाही. आता नाताळची मध्यरात्रीची मिसा आणि गावचं फेस्त (सण), संपलं. थोरला म्हणतो, "मम्मी, शेर्मांवात, त्या प्रवचनात, माझ्या जगण्यातलं काही असतं का?" मी ते पाद्रींच्या कानावर घातलं, तर घरी रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) करता का म्हणून त्यांनी मलाच झापलं.

तिसवाडीकर: दुखणं भाषेचं आहे. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं, मराठी ओव्यांत. लोक ते गात. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने इथल्या भाषाच दडपल्या. धर्म लोकांच्या तोंडून तेव्हाच काढून घेतला.

बार्देसकार: आलात मराठीवर! माझी आजी जन्मभर कोंकणीतच मागली, म्हणजे प्रार्थना करत आली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिसा लॅटिनमधून कोंकणीत आली, तेव्हा कुठे तिला पाद्री काय म्हणतो ते कळलं. तिच्या तोंडची भाषा काढायला निघालात?

तिसवाडीकर: काढा असं मी कुठे लिहिलंय? दाखवा. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, शाळेत पोरं तीच लिपी शिकतात, घरी इंग्रजी बोलतात आणि इगर्जीत हातात रोमीतलं, म्हणजे रोमन लिपीतलं, पुस्तक. सांगा, मागायचं कसं?

बार्देसकार: लिपीचं तेवढं खरं. माझा पुतण्या कांतारांच्या (गाण्यांच्या) पुस्तकावर अडखळतो. पण रोमी आमच्या वाडवडिलांची आहे, ती सोडायला सांगू नका. आणि मराठी आमच्यावर लादायची खुमखुमी आजची नाही, गोवा महाराष्ट्रात घालायचा का, त्या ६७ च्या सार्वमतापासून बघतोय.

फोंडेकर: पासपोर्टाचं एक वेळ मान्य. पण साष्टीच्या बाईंची पोरं तर इथेच आहेत ना?

साष्टीची: आहेत. आणि त्यांना बिघडलेली म्हणू नका, मला लागतं ते. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाचं (क्रुसाचं) फेस्त असतं. धाकटा आदल्या रात्री खुरसाला चुना मारतो, लदीन (खुरसापुढची सामूहिक प्रार्थना) झाली की उकडलेले चणे वाटत फिरतो. त्याला कुणी बोलवावं लागत नाही. पाद्री लदीन आटोपून लगेच निघतात. त्यांनी एकदा त्या पोरांबरोबर तिथे बसावं, त्यांचं ऐकून घ्यावं. लिपीचं तुम्ही दोघं बघा.