एकाच घरात, एकच विषाणू, मग 'ह्यालाच का?' – तुमच्या घरातले अनुभव लिहा

केतकीबन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ आहे. २०२० ते २०२२ या काळात माझी ड्युटी बहुतेक कोविडच्या अतिदक्षता विभागातच असायची. नातेवाइकांचा एक प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही: "मॅडम, घरात सगळ्यांनाच झाला. बाकीचे घरच्या घरी बरे झाले. मग ह्यालाच का?" वय, मधुमेह, वजन, यायला झालेला उशीर, एवढीच उत्तरं आमच्याकडे होती. यातलं काहीच लागू नसलेला तिशीतला धट्टाकट्टा मुलगा समोर पालथा झोपवलेला असला की आम्हाला बोलायला शब्द नसत.

आता त्या 'का'चं थोडं उत्तर मिळालंय. जून २०२० मध्ये इटली आणि स्पेनच्या रुग्णांच्या जनुकीय अभ्यासातून तिसऱ्या गुणसूत्रावरचा, कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक तुकडा पुढे आला. सप्टेंबरमध्ये ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पेबो या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की डीएनएच्या सुमारे ५०,००० अक्षरांचा हा तुकडा आपल्याकडे निअँडरथल मानवांकडून, म्हणजे कधीच्या नामशेष झालेल्या मानवजातीकडून आलाय. (पेबोंना पुढे २०२२ चं नोबेल मिळालं, निअँडरथलांचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) वाचण्याच्या एकूण कामासाठी.) युरोपात साधारण १६ टक्के लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे, दक्षिण आशियात जवळपास ५० टक्के लोकांकडे, बांगलादेशात ६३ टक्के. म्हणजे हे वाचणाऱ्या पुष्कळ जणांकडे तो असणार. बारा नंबरच्या गुणसूत्रावर निअँडरथलांकडूनच आलेला दुसरा तुकडा उलट थोडं संरक्षण देतो.

हे मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण आपल्याकडे आजारी पडलेल्यालाच दोष द्यायची फार सवय आहे. तुमच्या घरात काय झालं ते सांगा. कोविडच हवा असं नाही, स्वाइन फ्लू, लहान बाळांचा दम, काहीही चालेल. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं नकोत, आणि औषधांचे डोस इथे विचारू नका.

कृष्णाकाठ

ताई, मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचं एकत्र कुटुंब, कराडजवळ. एप्रिल २०२१ मध्ये घरातली सगळीच पॉझिटिव्ह निघाली. सासूबाई सत्तरीच्या पुढे. माझे मिस्टर पन्नाशीला आलेले, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू. सगळा जीव त्या दोघांवर टांगलेला. भाऊजींकडे कुणाचं लक्षच नव्हतं. छत्तीस वर्षांचे, तालमीत वाढलेले, उसाच्या फडात दिवसभर उभे राहणारे. त्यांना नुसती कणकण होती.

एका सकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, वाक्य पुरं करताना दम लागतोय." बोटाला लावायचं यंत्र त्यांना लावलं तर ८४ आलं. मला वाटलं यंत्रच बिघडलं. काढून माझ्या बोटाला लावलं, ९७. परत त्यांच्या बोटाला, ८४. ते हसत होते आणि नखं निळसर दिसत होती. बेड कसा मिळाला ते लिहीत नाही, त्या महिन्यात सगळ्यांनीच ते भोगलंय. फुप्फुसांचा सिटी स्कोअर २५ पैकी १९ आला. आधी मास्क, मग बायपॅप, मग व्हेंटिलेटर. भाऊजी गेले. सासूबाईंना त्या आजारात आठवडाभर खोकला आला, बस्स.

त्यानंतरचं जास्त सांगायचंय. माझी जाऊ अंगणवाडीत आहे. तेव्हा घरोघरी जाऊन ताप मोजायचं काम तिच्याकडे होतं. भावकीत बोललं गेलं की हिनंच घरात आणला. भाऊजी एका साखरपुड्याला जाऊन आले होते, तर तेही निघालं. काढा घेत नव्हते, रात्री उशिरा जेवत होते, काय वाट्टेल ते. ती पोर अजून मान वर करून चारचौघांत बसत नाही.

एक गोष्ट मात्र आता आठवते. सासूबाईंचे एक भाऊ, म्हणजे भाऊजींचे मामा, पंचविशीतच न्यूमोनियाने गेले होते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? जावेला दोन मुलगे आहेत, नणंदेलाही दोन. जाऊ रात्र रात्र जागते की आपल्या पोरांनाही असं होईल.

केतकीबन

कृष्णाकाठ, आधी हे सांगते की जावेने विषाणू घरात आणला असेल किंवा नसेल, तो सगळ्यांच्याच अंगात गेला होता. भाऊजींचं शरीर त्याला वेगळ्या तऱ्हेने सामोरं गेलं, आणि तो वेगळेपणा जावेच्या हातात नव्हता. हे तिला माझ्या नावाने सांगा.

आता मामांबद्दल. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन घरांतल्या भावाभावांच्या दोन जोड्या सापडल्या. चौघंही २१ ते ३२ वयाचे, आधी ठणठणीत, आणि चौघंही कोविडने व्हेंटिलेटरवर गेले. एक दगावला. चौघांच्याही टीएलआर-७ या जनुकात बिघाड होता. हे जनुक विषाणूचा आरएनए ओळखतं, आणि मग पेशी इंटरफेरॉन सोडतात. इंटरफेरॉन म्हणजे शरीरातली दवंडी. ती वेळेत पिटली गेली तर शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. या मुलांमध्ये ती पिटलीच जात नव्हती. टीएलआर-७ असतं एक्स गुणसूत्रावर. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच.

म्हणून मामा आणि भाचा हा धागा कुठल्याही डॉक्टरने ऐकून घेतला पाहिजे. तरीही तो पुरावा नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासात साठीच्या आतल्या अत्यवस्थ पुरुषांपैकी सुमारे १ टक्क्यातच हा बिघाड सापडला. भाऊजींचं रक्त आता तपासता येणार नाही, त्यामुळे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण समजा तसं असलंच, तरी जावेच्या मुलांना त्याची भीती नाही. मुलग्याला एक्स मिळतो तो आईकडून. भाऊजींचा एक्स त्यांच्या मुलांकडे गेलेलाच नाही. विचार करायचा तो नणंदेच्या मुलांचा, कारण नणंदेचा एक एक्स सासूबाईंकडून आलाय. दोन्ही मुलगे फ्लूने कधी गंभीर आजारी पडले होते का, ते विचारा आणि मोठ्या शहरातल्या जनुकीय सल्ला केंद्रात ही सगळी वंशावळ घेऊन जा. जावेला आज रात्रीच सांगा, उद्यावर ठेवू नका.

मुळामुठा

२००९ चा पुण्यातला स्वाइन फ्लू. मी होस्टेलवर होतो. देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, शाळा-कॉलेजं बंद, रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. आमच्या खोलीत चौघं होतो. चौघंही खोकत होते, तिघं चहा पिऊन बरे झाले. मी व्हेंटिलेटरवर गेलो. एकवीस वर्षांचा होतो, कसलंही व्यसन नाही. वडील अजून म्हणतात की मेसचं जेवण निकस होतं.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. २०१५ मध्ये एका फ्रेंच मुलीबद्दल छापून आलं. अडीच वर्षांची असताना ती २००९ च्याच प्रकारच्या फ्लूने मरता मरता वाचली होती. तिला आई आणि वडील दोघांकडूनही आयआरएफ-७ या जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली होती. दोघं आईवडील ठणठणीत. पुन्हा इंटरफेरॉनचीच गोष्ट. त्याआधी २०१२ मध्ये फ्लूने इस्पितळात आलेल्या रुग्णांत आयएफआयटीएम-३ या जनुकाचा एक प्रकार नेहमीपेक्षा जास्त आढळला होता. माझी तपासणी झालेली नाही आणि या दोहोंपैकी काही माझ्यात असेलच असं मी म्हणत नाही. दर वर्षी फ्लूची लस मात्र न चुकता घेतो.

जुनी_पानं

आमचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे १९१८ चा मानमोडीचा ताप, म्हणजे तेव्हाची फ्लूची साथ, मला पानोपानी भेटतो. "मानमोडीत निवर्तले", "मानमोडीत सपत्नीक निवर्तले". मुंबईत तो जूनमध्ये बंदरातून आला आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या लाटेने खेडी रिकामी केली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मरणारे मुख्यतः वीस ते चाळीसचे, हे आमच्या वंशावळीतही स्वच्छ दिसतं.

आमच्या कुळाच्या एका शाखेत मानमोडीचे मृत्यू दाटीवाटीने आहेत आणि त्याच वाडीतल्या दुसऱ्या शाखेत जवळजवळ नाहीत. मी हे आजवर देवीचा कोप, विहिरीचं पाणी वगैरे ऐकत आलो. अमेरिकेत युटा राज्यात अशाच वंशावळी आणि मृत्यूच्या नोंदी जोडून पाहिल्या, तर फ्लूने गेलेल्यांच्या लांबच्या, म्हणजे वेगळ्या घरात राहणाऱ्या नातेवाइकांतही फ्लूचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आमच्या दोन शाखांवरून मी काही सिद्ध करू शकत नाही, जमिनीची वाटणी आणि दुष्काळही त्याच वर्षीचा. पण नव्या आवृत्तीत मृत्यूचं कारण गाळू नका, असं मी मंडळाला लिहून दिलंय. काही मंडळींना ते अशुभ वाटतं.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये आयसीयूत परिचारिका आहे, मूळची अकोल्याची. आमच्याकडे अत्यवस्थ रुग्णांच्या जनुकांचा जेनॉमिक नावाचा अभ्यास चालू होता, एडिनबराच्या केनेथ बेली यांचा. रुग्ण बेशुद्ध, नातेवाइकांना आत यायला बंदी, म्हणून फोनवर संमती घ्यायची. एका गुजराती आजोबांच्या मुलीने विचारलं होतं, "याने बाबांना काही फायदा होईल?" मी खरं तेच सांगितलं, की बहुधा नाही, पुढच्या कुणाला होईल. ती म्हणाली, "घ्या मग."

पहिल्याच निष्कर्षात २०८ आयसीयूंतले २,२४४ रुग्ण होते. त्यातून टीवायके-२ सारखी जनुकं पुढे आली, आणि सांधेदुखीवरच्या बॅरिसिटिनिब या औषधाकडे बोट दाखवणाऱ्या पुराव्यात भर पडली. नंतर मोठ्या चाचणीत त्या औषधाने मृत्यू साधारण १३ टक्क्यांनी कमी केले. ज्यांच्या रक्ताच्या नळ्या मी भरल्या, त्यांतले किती तरी लोक हे बघायला राहिले नाहीत.

पण एक कळकळीने सांगते. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने त्या तिसऱ्या गुणसूत्रावरचं एलझेडटीएफएल-१ हे जनुक शोधलं आणि दक्षिण आशियाई वंशाच्या ६० टक्के लोकांत धोक्याचा प्रकार असल्याचे मथळे झळकले. आमच्या कँटीनमध्ये लगेच, "बघा, तुमच्या रक्तातच आहे." नाही हो! आमचे लोक बस चालवत होते, टॅक्सी चालवत होते, वॉर्डात काम करत होते आणि तीन पिढ्या एका घरात राहत होत्या. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही दक्षिण आशियातल्या आकडेवारीवरून म्हटलंय की युरोपात दिसलेला संबंध इथे तसाच लागू पडेल असं नाही. जनुक खरं आहे, पण त्याच्या आड घरमालक आणि नोकरी देणारे लपता कामा नयेत.

केतकीबन

लेस्टरकर, शंभर टक्के सहमत. माझ्या विभागात ऑक्सिजनचा दाब पडला की कुणाचं जनुक कसं आहे याने काही फरक पडत नव्हता.

उंबरठा

आमच्याकडे उलटं. नवऱ्याला ताप, मुलीला ताप, मी दोघांचं सगळं केलं. मीही पॉझिटिव्ह आले आणि मला साधी शिंकसुद्धा आली नाही. शेजारणी म्हणायच्या, हिचा रिपोर्टच खोटा. असं कुणाला झालंय का?

केतकीबन

पुष्कळांना झालंय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लक्षणंच न आलेल्यांपैकी दर पाचातल्या एकाकडे एचएलए-बी १५:०१ हा जनुकाचा प्रकार सापडला. दोन्ही प्रती असतील तर लक्षणं न येण्याची शक्यता आठपटींहून जास्त. साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंशी लढताना तयार झालेल्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) यांच्या अंगात नव्या विषाणूलाही ओळखतात, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. तुमचं कारण हेच असेल असं नाही. रिपोर्ट खरा असू शकतो, एवढं शेजारणींना सांगा.

सायली_ठाणे

माझा मुलगा. पहिल्या तीन पावसाळ्यांत साधी सर्दी झाली की रात्री छाती ओढायला लागायची, बरगड्यांच्या मधे खळगे पडायचे. शेजारचं त्याच्याच वयाचं बाळ त्याच सर्दीने दोन दिवस नाक पुसून मोकळं. सासरी माझ्या आंबट खाण्यावर बोट. नेब्युलायझरचा घरघर आवाज आला की मला अजून धडकी भरते. बालरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की घरात दमा कुणाला? माझ्या वडिलांना होता. त्यांनी सांगितलं की सीडीएचआर-३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असला तर ऱ्हायनोव्हायरस-सी हा सर्दीचा विषाणू पेशींना जास्त चिकटतो, आणि अशा मुलांना दम्याचे जोरदार झटके येतात. तपासणी काही केली नाही, उपचार त्याने बदलणार नव्हते. इन्हेलर नियमित सुरू केला आणि आता तो फुटबॉल खेळतो.

पहाटवारा

धागा वाचून लाळेची जनुकीय चाचणी करून घ्यावी असं वाटायला लागलंय. ऑनलाइन किट मिळतं. करावं का?

केतकीबन

त्या तिसऱ्या गुणसूत्रासाठी तरी करू नका. तो तुकडा असला तर इस्पितळात जावं लागण्याचा धोका साधारण १.६ पट होतो. वयाने होणारा फरक त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि लस तो तुकडा असणाऱ्यांनाही संरक्षण देते. पैसे खर्चून हाती येईल ती काळजी.

त्याऐवजी घरातल्या मोठ्यांना बसवून विचारा. कुणी तरुणपणी न्यूमोनियाने किंवा फ्लूने गेलं का, एका आईची एकाहून जास्त मुलं तापाने गेली का, गोवराच्या किंवा तशा जिवंत लशीनंतर कुणी फार आजारी पडलं का, नात्यातलं लग्न आहे का. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे होतं, आणि मुळामुठाने लिहिलेल्या मुलीसारखे दोन्हीकडून यावे लागणारे बिघाड अशा घरात जास्त दिसतात. यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि मग तपासणी करायची ती त्यांच्या सल्ल्याने.

सत्तरीपुढच्या मंडळींचं आणखी एक. काहींच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार झालेली असतात. अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी निदान १० टक्क्यांत ती सापडली होती, बहुतेक पुरुषांत, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढतं. बाहेरून काही दिसत नाही, माणूस रोज फिरायला जाणारा असतो. म्हणून वडील कितीही धडधाकट असले तरी फ्लूची लस पावसाळ्याआधी द्या, आणि ताप असताना बोटाचं यंत्र दिवसातून दोन-तीनदा लावा, ते "मला काही झालेलं नाही" म्हणाले तरी.