माजी सैनिकांसाठी वेगळी सरकारी रुग्णालये हवीत, की उपचारांचा खर्च देणे पुरेसे आहे?

उंबरठा (धागाकर्ता)

माजी सैनिकांच्या आरोग्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती पद्धतीबद्दल. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीचा सरकारी विभाग स्वतःची रुग्णालये चालवतो, स्वतःचे डॉक्टर नेमतो. ऑस्ट्रेलियात पात्र माजी सैनिकाला कार्ड मिळते, ते दाखवून तो खासगी रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो आणि बिल सरकार भरते. ब्रिटनमध्ये सर्व नागरिकांसाठी असलेली राष्ट्रीय आरोग्य सेवाच त्यांनाही पाहते. सेवेमुळे उद्भवलेल्या आजारांना प्राधान्य असते, पण तेही वैद्यकीय निकड पाहून.

हृदयविकार, मधुमेह किंवा मोतीबिंदू गणवेश पाहून होत नाहीत. मग ज्याला जे रुग्णालय जवळचे आणि चांगले वाटेल तेथे त्याने जावे आणि पैसे सरकारने द्यावेत, यात गमावण्यासारखे नेमके काय आहे? वेगळ्या इमारती, वेगळे कर्मचारी, वेगळी औषधखरेदी या साऱ्याला कृतज्ञतेची खूण यापलीकडे काही मोल आहे का? ‘देशासाठी लढले म्हणून’ हे उत्तर मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे, पण त्यातून रुग्णालय कोणी चालवावे याचा निर्णय होत नाही.

काठावरचा

अशा संस्थांचा उगम कृतज्ञतेतच, किंबहुना कृतज्ञता आणि राजाची प्रतिष्ठा यांच्या मिश्रणात आहे. चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसला जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी ‘एन्व्हालीद’ उभारण्याचा आदेश दिला आणि पुढे दुसऱ्या चार्ल्सने लंडनमध्ये चेल्सीचे रुग्णालय स्थापन केले. ही खरे तर आश्रयस्थाने होती. तुमचा प्रश्न आजच्या रुग्णालयांबद्दल आहे आणि त्याचे उत्तर माझ्या मते एका शब्दात सांगता येते : स्मरण. त्याच संस्थेने त्याच माणसाला तीस-चाळीस वर्षे पाहिलेले असते.

याला पुरावा आहे. डेव्हिड चॅन, डेव्हिड कार्ड आणि लोवेल टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ वर्षे व त्यावरील अशा अमेरिकी माजी सैनिकांचा विचार केला, ज्यांना सरकारी रुग्णालयाचा पर्याय होता आणि ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर खासगी रुग्णालयाचाही होता. नुसती दोन्हीकडच्या मृत्यूंची तुलना केली तर ती फसवी ठरते, कारण कोणता रुग्ण कोठे जातो हे योगायोगाने ठरत नाही. म्हणून त्यांनी तातडीच्या प्रसंगी बोलावलेल्या रुग्णवाहिकांचा आधार घेतला : कोणती रुग्णवाहिका येते हे बरेचसे योगायोगावर असते आणि काही रुग्णवाहिका सरकारी रुग्णालयाकडे अधिक वेळा नेतात, काही कमी. या पद्धतीने पाहिल्यावर सरकारी रुग्णालयात नेल्याने २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते आणि त्याच काळातील खर्च २१ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. कारणांबद्दल लेखकांनी सावधपणे सातत्यपूर्ण उपचार, संगणकीय नोंदी आणि एकत्रित व्यवस्था यांच्याकडे बोट दाखवले आहे. म्हणजे छातीत दुखणारा माणूस स्ट्रेचरवरून आत येतो, तेव्हा त्याला कोणते औषध चालत नाही हे तेथे आधीच ठाऊक असते.

दुसरा लाभ माजी सैनिकांपुरता उरत नाही. मध्यम प्रमाणात वाढलेल्या रक्तदाबावर उपचार करावेत की नाही, याबद्दल १९६० च्या दशकात डॉक्टरांमध्येच मतभेद होते. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली माजी सैनिकांच्या अनेक रुग्णालयांनी एकाच पद्धतीने चाचणी केली आणि १९६७ व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी औषधांमुळे पक्षाघातासारखे धोके टळतात हे दाखवून दिले. आज रक्तदाबाची गोळी घेणारा कोणीही त्या चाचणीचा ऋणी आहे, मग त्याने आयुष्यात बंदूक पाहिलेली नसली तरी चालेल. एकाच व्यवस्थेखालील अनेक रुग्णालये आणि वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी परतणारे रुग्ण, या दोन गोष्टी नसत्या तर ते काम त्या स्वरूपात अवघड होते. बिले भरणाऱ्या कार्यालयाला असा प्रश्न विचारण्याचे सुचणारही नाही.

जुना केसपेपर

मी पुनर्वसन विभागात काम केले आहे, त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असेल, हे आधीच मान्य करतो.

धागाकर्त्यांनी दिलेली उदाहरणे बरोबर आहेत. मोतीबिंदूसाठी वेगळे रुग्णालय लागत नाही. परंतु गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या पंचविशीतल्या माणसाचा विचार करा. कृत्रिम पाय एकदा बसवला की काम संपले, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात उरलेल्या अवयवाचा आकार पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने बदलतो आणि पुढेही वजन, वय व स्नायूंची झीज यांनुसार बदलत राहतो. त्यामुळे ज्या खोबणीत तो अवयव बसतो ती पुन्हापुन्हा नव्याने घडवावी लागते. साठीत दुसरा, धडधाकट पायच कुरकुरू लागतो, कारण सगळा भार त्याने वाहिलेला असतो. या माणसाला शस्त्रक्रियेपेक्षा चाळीस वर्षे चालणारी एक कार्यशाळा हवी असते. दर खेपेला स्वतंत्र बिल आणि स्वतंत्र मंजुरी लागणाऱ्या व्यवस्थेत तो कंटाळून येणे सोडतो आणि एक दिवस चाकाच्या खुर्चीत दिसतो.

दुसरी गोष्ट संख्येची. मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण सामान्य रुग्णालयात क्वचित येतो, म्हणून तेथे त्याविषयीचे कौशल्य साचत नाही. १९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, त्यापूर्वी अशा रुग्णांचे आयुष्य फार थोडे उरते असे गृहीत धरले जाई. ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्रमार्गाचा संसर्ग टाळणे, खेळ आणि काम यांकडे वळवणे, या वरकरणी साध्या गोष्टी त्या विभागात शिस्तीने बसल्या. तेथेच १९४८ मध्ये १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली, जिच्यातून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आज तेच केंद्र सामान्य नागरिकांवरही उपचार करते.

तिसरी गोष्ट, उशिरा उगवणारे आजार. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या विषारी तणनाशकामुळे काही आजार झाले, असे अमेरिकेत कायद्याने गृहीत धरण्यासाठी १९९१ उजाडावे लागले, आणि तळांवर उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराबाबत व्यापक कायदा २०२२ मध्ये झाला. खासगी दवाखान्यात खोकला घेऊन आलेल्या साठीच्या गृहस्थाला ‘तुम्ही सैन्यात कोठे होतात, काय जाळले जात होते?’ असे कोणी विचारत नाही. ज्या रुग्णालयात तसे शंभर जण येतात, तेथील परिचारिकाही ते विचारते.

दूरचा प्रवासी

वरील दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, पण त्यांत रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या माणसाचाच विचार आहे. न पोहोचलेल्याचे काय?

२०१४ मध्ये फिनिक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात खऱ्या प्रतीक्षायाद्या लपवून कागदोपत्री प्रतीक्षा कमी दाखवली जात असल्याचे उघड झाले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावे लागले. त्यानंतर झालेल्या कायद्याने ३० दिवसांहून अधिक थांबावे लागणाऱ्या किंवा ४० मैलांहून दूर राहणाऱ्या माजी सैनिकांना बाहेर उपचार घेण्याची वाट मोकळी केली आणि २०१८ च्या कायद्याने ती आणखी रुंद केली. मला हे योग्य वाटते. ज्याचे नावच यादीत नाही, त्याला संस्थेच्या स्मरणाचा काय उपयोग?

शिवाय इमारतींना इतिहासाचे ओझे असते. मोठ्या युद्धातून परतलेली पिढी संपत आली की खाटा रिकाम्या पडू लागतात. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात आपली माजी सैनिकांची रुग्णालये राज्यांकडे सोपवली किंवा विकली. पर्थचे हॉलिवूड रुग्णालय १९९४ मध्ये आणि ब्रिस्बेनचे ग्रीनस्लोप्स १९९५ मध्ये खासगी कंपनीकडे गेले. तेथे माजी सैनिकांवर आजही उपचार होतात. सरकारी पैसा आणि सरकारी मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करत आहोत, असे मला वाटते.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रुग्णवाहिकांचा अभ्यास मला ठाऊक नव्हता. आता माझा प्रश्न थोडा बदलला आहे : बाहेरची वाट उघडी ठेवूनही ते स्मरण टिकवता येईल का? भारतातील माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेली ईसीएचएस, काहीशी तशीच आहे. प्राथमिक तपासणी स्वतःच्या पॉलिक्लिनिकमध्ये आणि पुढील उपचार सैनिकी किंवा पॅनेलवरील खासगी रुग्णालयात.

काठावरचा

येईल, पण आपोआप नाही. ‘दूरचा प्रवासी’ यांचा आक्षेप मला मान्य आहे. प्रतीक्षायादी लपवणाऱ्या संस्थेचे समर्थन कोणी करू नये. मात्र बाहेरची बिले आणि आतल्या डॉक्टरांचे पगार शेवटी एकाच तिजोरीतून जात असतील, तर बाहेरचा खर्च वाढताच आतली पदे रिकामी राहू लागतात, मग आत प्रतीक्षा वाढते आणि आणखी लोक बाहेर पाठवले जातात. हे चक्र एकदा फिरू लागले की रुग्णालय बंद करण्याचा निर्णय कोणाला घ्यावाच लागत नाही.

म्हणून मी विभागणी अशी करेन : मोतीबिंदू, दातांचे काम, नेहमीच्या शस्त्रक्रिया खुशाल बाहेर होऊ द्याव्यात, मज्जारज्जू, कृत्रिम अवयव, युद्धातून उद्भवणारे मानसिक आघात आणि विषारी संपर्काचे आजार मात्र स्वतःच्या केंद्रांत ठेवावेत, त्यांची संख्या कमी असली तरी चालेल, आणि दूरच्या रुग्णाच्या प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सरकारने करावा. बाहेर गेलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत बिलाच्या फाइलमध्ये अडकून पडते, तीच त्याच्या मूळ डॉक्टरपर्यंत आठवड्याभरात पोहोचली पाहिजे. ती पोहोचल्याशिवाय रुग्णालयाचे बिल चुकते करू नये, एवढी एक अट घातली तरी ‘जुना केसपेपर’ यांच्या विभागातील माणसाला बाहेर काय झाले ते कळेल.

जुना केसपेपर

ही अट घातली तर पहिले सहा महिने सगळी खासगी रुग्णालये तक्रार करतील. त्यानंतर प्रती वेळेवर येऊ लागतील. बिलाची थकबाकी ही फार परिणामकारक आठवण असते. फक्त ती प्रत वाचायला आत कोणी डॉक्टर नेमलेला असावा, याची तजवीज आधी करून ठेवावी लागेल.