मदत हवी आहे: स्टँडबायवर रिपोर्टच्या क्वेरी मधेच रद्द होतात

पोस्टग्रेस 15 डेटाबेस, एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर), एक असिंक्रोनस हॉट स्टँडबाय (प्रायमरीची किंचित मागून चालणारी, वाचता येणारी प्रत). स्टँडबाय फेलओव्हरसाठीच (प्रायमरी बंद पडला तर त्याची जागा घ्यायला) ठेवलाय, पण रात्रीचे रिपोर्टही त्याच्यावरूनच काढतो. 20-25 मिनिटांच्या क्वेरी रिकव्हरी कॉन्फ्लिक्टमुळे (प्रायमरीकडून आलेला बदल चालू क्वेरीच्या आड येतो) रद्द होतात.

मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले (आलेले बदल क्वेरीसाठी किती वेळ रोखायचे ती मर्यादा) मूळच्या 30 सेकंदांवरून तासावर नेला. क्वेरी पूर्ण झाल्या, पण रिप्ले (आलेले बदल लागू करणं) मागे पडला. तेव्हाच प्रायमरी बंद पडला तर साचलेला वॉल (WAL, बदलांची नोंद) लागू होईपर्यंत थांबावं लागेल, ते अजिबात परवडणार नाही. मग हॉट स्टँडबाय फीडबॅक (स्टँडबायवर चालू असलेल्या क्वेरींची माहिती प्रायमरीला देणारी सेटिंग) चालू केला, तर प्रायमरीवर व्हॅक्यूमला जुन्या रो काढता येईनात आणि ऑर्डरचं टेबल फुगलं. दोन्ही बदल मागे घेतलेत.

आणखी एकच मशीन मिळेल, रॅम निम्मी, डिस्क पुरेशी. रिपोर्टला तासभर जुना डेटा चालतो. टेबलांची रचना मात्र दर महिन्याला बदलते, आणि लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (निवडक टेबलांचाच डेटा पाठवायची पद्धत) डीडीएल (रचना बदलणाऱ्या कमांड) आपोआप जात नाही.

तर तिथे फीडबॅक बंद, डिले मोठा असा फक्त रिपोर्टचा स्टँडबाय लावावा, की लागणारी 6 टेबलंच लॉजिकलने न्यावीत?