कारागृहातल्या डॉक्टरांसाठी एचआयव्ही फोन-सल्ला: गरज की पळवाट?

लिंक_एआरटी
सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९० च्या दशकापासून एचआयव्ही ‘वॉर्मलाइन’ चालते: रुग्णाचं नाव न सांगता डॉक्टरने फोन करायचा, पलीकडे तज्ज्ञ. आपल्या कारागृह वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही राज्यपातळीवर अशी लाइन हवी. टीबीचंच बघा. टीएलडीवरच्या (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर या तीन एचआयव्ही औषधांची एकच गोळी) बंद्याला टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी घसरते. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ वेगळं द्यायचं, रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे. बराकी संध्याकाळीच बंद होतात, त्यामुळे ‘रात्री ९’ लिहिलेला डोस पोटात जातच नाही. पहाटेची गिनती (बंद्यांची मोजणी) आणि संध्याकाळी बराकी बंद होण्याची वेळ धरून वेळा बसवाव्या लागतात. पाच मिनिटांच्या फोनचं काम, त्यासाठी बंद्याला बाहेर नेणारी पोलीस पार्टी कशाला?

गार्ड_मिळेना
हे छापील मार्गदर्शिकेत आहेच की! घोडं अडतं रक्ताच्या नमुन्यापाशी. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), १००० च्या वर आला तर समुपदेशन करून तीन महिन्यांनी पुन्हा. बंदोबस्त मिळत नाही, तारीख हुकते, आणि औषध लागू पडतंय की नाही हे कुणालाच कळत नाही. सेकंड लाइन (पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावरची पुढची औषधं) तर राज्याचं तज्ज्ञ पॅनेल ठरवतं, फोनवरचे साहेब नव्हे. पैसा असेल तर आधी आतच रक्त घ्यायची सोय करा.

क्लिअरन्स
मला तर धोका दिसतो. ‘क्रिएटिनिन १.९, काय करू?’ पलीकडून उत्तर: टेनोफोव्हिर बंद, अबॅकाव्हिर द्या. वजन विचारलं नाही, म्हणजे क्लिअरन्स (क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज) काढलाच नाही. हेपेटायटिस बी विचारला नाही. तो असेल तर त्यालाही दाबून ठेवणारं टेनोफोव्हिर काढल्यावर यकृताचा दाह भडकू शकतो, आणि मागे उरलेल्या एकट्या लॅमिव्ह्युडिनला बीचा विषाणू पुढे जुमानत नाही.

लिंक_एआरटी
म्हणूनच फोनआधी कागद भरलेला हवा: वय, वजन, क्रिएटिनिन, एचबीएसएजी (हेपेटायटिस बीची तपासणी), शेवटचा व्हायरल लोड तारखेसह आणि चालू असलेली *सगळी* औषधं. गोची शेवटच्या रकान्यात होते. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, ओपीडीत सर्रास वाटलं जाणारं अँटासिड, यांनी डोल्युटेग्राव्हिर कमी पडतं. डोल्युटेग्राव्हिर अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं असतं, हे औषध वाटणाऱ्याच्या गावीही नसतं. आणि सल्ला त्याच दिवशी लेखी आला पाहिजे.

कलम_वाचा
फोन करणार कुठून? दवाखान्याच्या टेबलावरून, शेजारी मदतनीस बंदी उभा? ‘सर्कल दोनमधला, फिट येणारा’ एवढ्यावर सगळी बराक ओळखते. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीची माहिती गोपनीय आहे. बंद खोली नसेल तर लाइन नकोच.

गार्ड_मिळेना
आणि कागदावरचं क्रिएटिनिन येणार कुठून? पुन्हा पार्टीच ना!

लिंक_एआरटी
नमुन्याची सोय हवीच, तिला विरोध कुणाचा आहे? पण रात्री कंपाउंडरला सुई टोचली तर? पीईपी (संसर्ग टाळायची औषधं) शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवं, पुढे २८ दिवस. त्या वेळी आत रक्त घ्यायला ठरल्या वाराला येणारा लॅब टेक्निशियन काय कामाचा?