'इन्ताक्तो': नशीब कुणाकडून काढून घेता येतं का?

रानवाट:
ह्वान कार्लोस फ्रेस्नादियोचा स्पॅनिश सिनेमा 'इन्ताक्तो' (२००१) काल पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यातल्या जगात नशीब ही वस्तू आहे, नुसत्या स्पर्शाने ती काढून घेता येते. स्पेनच्या तेनेरिफे बेटावर, ज्वालामुखीच्या ओसाड माळावर एक कॅसिनो आहे. मालक साम्युएल (माक्स फॉन सिडो), नाझी छळछावणीतून वाचलेला म्हातारा. कुणी फार जिंकायला लागला की साम्युएलचा माणूस फेदेरिको हळूच शेजारी येतो, हाताला हात लावतो आणि त्या माणसाचा डाव तिथेच बसतो. फेदेरिको नोकरी सोडायचं म्हणतो, तेव्हा साम्युएल त्याला मिठीत घेऊन ती देणगीच काढून घेतो. मग सूड उगवायला फेदेरिकोला तोमास सापडतो. विमान अपघातातून एकटाच वाचलेला बँकलुटारू. नशीब पणाला लावायच्या खेळांत फेदेरिको त्याला उतरवतो.

लोक याला जुगाराचा थरारपट म्हणतात. मला तो मागे उरलेल्या माणसांचा सिनेमा वाटतो. यातला प्रत्येक 'नशीबवान' कुठल्या ना कुठल्या प्रेतांच्या राशीतून उठून आलेला आहे.

दिग्दर्शक तेनेरिफेचाच, जन्म १९६७चा. तो नऊ वर्षांचा असताना, २७ मार्च १९७७ रोजी, त्याच बेटावर लोस रोदेओस विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळली. ५८३ माणसं गेली. दोन्ही विमानं मुळात तिथे उतरणारच नव्हती. शेजारच्या ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून इकडे वळवलेली. पॅन अॅमच्या विमानातले ६१ जण वाचले. केएलएमच्या विमानात बसलेलं एकही माणूस वाचलं नाही. त्याच विमानाने आलेली एक टूर गाईड मात्र राहायला तेनेरिफेतच होती, म्हणून ती परत चढलीच नाही. ती बाई पुढे आयुष्यभर स्वतःला काय सांगत असेल? हा सिनेमा त्या प्रश्नाजवळ जातो असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत?

गणितवेडा:
तुम्ही लिहिलंय छान, पण मला हा सिनेमा पटत नाही, आणि कारण साधं आहे. शेकडो अपघात होतात, त्यातल्या एखाद्यात एकच जण वाचतो. तो कुणीतरी असणारच. घटना घडून गेल्यावर त्या माणसाकडे बोट दाखवून 'याच्यात काहीतरी आहे' म्हणणं ही जुगाऱ्याची मूळ चूक आहे. 'इन्ताक्तो' त्या चुकीलाच निसर्गनियम करतो.

स्पेनमध्येच बघा. २२ डिसेंबरच्या नाताळ लॉटरीत एक लाख आकडे असतात. वीस युरोचा एक 'देसिमो', म्हणजे तिकिटाचा दहावा हिस्सा, घेतला तर 'एल गोर्दो', म्हणजे पहिलं बक्षीस, लागण्याची शक्यता लाखात एक. तरी लोक कातालोनियातल्या सोर्त गावच्या दुकानातून तिकीट मागवतात, कारण तिथे बक्षिसं फार लागतात आणि कातालान भाषेत 'सोर्त' म्हणजेच नशीब. अहो, तिथे तिकिटंच प्रचंड विकली जातात, मग बक्षिसं जास्त लागणारच!

रानवाट:
गणित मान्य. पण त्याच लॉटरीच्या दिवसांत स्पेनमधली माणसं तिकीट गरोदर बाईच्या पोटाला लावतात, टकलावर घासतात. नशीब स्पर्शाने येतं ही समजूत तिथल्या लोकांचीच आहे. सिनेमा ती उलटी करून विचारतो: स्पर्शाने येत असेल तर ते कुणाचं तरी जातही असेल ना?

चिंचगूळ:
मला तो जंगलाचा प्रसंग विसरता येत नाही. डोळ्यांवर पट्टी, हात मागे बांधलेले आणि झाडांमधून जीव खाऊन पळायचं. जो शेवटपर्यंत उभा राहील तो जिंकला. पार्श्वसंगीताची गरजच नाही, अंग झाडावर आपटल्याचा आवाज पुरतो. दिग्दर्शकाला नवोदितांसाठीचा गोया हा स्पेनचा सिनेपुरस्कार मिळाला तो योग्यच.

कोयना:
मला इथे थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

सिनेमातली सारा ही पोलीस अधिकारी. कार अपघातात तिचा नवरा आणि मुलगी गेली, ती वाचली. सिनेमाच्या हिशोबात म्हणून ती 'नशीबवान'. आपल्याकडे अशा बाईला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या पायाची.

माझी काकू. लग्नाला आठ महिने झाले होते. काका मोटारसायकल चालवत होते, ती मागे बसलेली. काका जागेवर गेले, काकूच्या हाताला चौदा टाके. त्यानंतर घरात हळदीकुंकू असलं की काकू मागच्या पडवीत. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा नारळ वाढवायच्या आधी आजीने तिला खुणेनेच आत जायला सांगितलं. मी सात-आठ वर्षांची होते, ट्रॅक्टरच्या चाकाशीच उभी होते. काकूने हातातलं आरतीचं ताट मुकाट्याने माझ्याकडे दिलं.

एकाचं नशीब दुसऱ्याने खाल्लं, हा विचार पडद्यावर देखणा दिसतो. घरात तो विचार नेहमी बाईच्याच अंगावर येतो. म्हणून हा सिनेमा मी अर्ध्यात बंद केला.

गणितवेडा:
कोयनाताई, माझं लाखात एकचं गणित तुमच्या चार ओळींत जास्त नीट आलंय.

दर्यावर्दी:
आणि ते फोटो? या खेळात दुसऱ्याचा फोटो पणाला लावला की त्याचं नशीब पणाला लागतं. तोमास आपल्या प्रेयसीचा फोटो देऊन बसतो, तिला पत्ताही नसतो. धर्मराजाने द्रौपदी पणाला लावली तेव्हा निदान तिने भरसभेत प्रश्न तरी विचारला. इथे विचारायला ती हजरच नाही.

रानवाट:
कोयनाताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. पण अर्ध्यात बंद केलात म्हणून एवढंच सांगतो: सारा त्या नशिबाचा एक क्षणही आनंद घेत नाही. साम्युएलही नाही. सहा कप्प्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच गोळ्या घालून तो समोरच्याशी खेळतो. ज्याला जगायची हाव असते तो असा खेळ मांडत नाही. दिग्दर्शक 'हिने त्यांचं नशीब खाल्लं' असं म्हणत नाहीये, असं मला वाटतं. ही माणसं स्वतःच स्वतःला तसं म्हणत जगतात, ते तो दाखवतो.

कोयना:
असेलही. काकू अजून त्या हातावर पदर ओढून घेते, घरात कुणी नसलं तरी. सारासाठी मी उरलेला अर्धा बघेन. पण फोटोंचा तो खेळ 'सुंदर कल्पना' म्हणून मला कुणी सांगू नका.