जुनी थार घ्यायची आहे, गाडीखाली नेमकं काय बघू?

द्राक्षबाग_दिंडोरी:
इंदिरानगरला २०१३ ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल) फोर बाय फोर बघून आलो. रंग चकाचक, टायर नवे. मालक म्हणतात गाडी चिखलात कधी गेलीच नाही. मला पावसाळ्यात बागेच्या काळ्या मातीत आणि पेठकडच्या रानात फिरवायची आहे. रविवारी परत जातोय. आमचा मिस्त्री ट्रॅक्टरचा आहे, मग तपासू काय?

सातपूरचा_मिस्त्री:
भाऊ, रंग आणि टायर विकायच्या आधी सगळेच करतात, ते सोडा. सकाळी जा, आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं मालकांना सांगा. गार इंजिन किती सेल्फवर लागतं ते बघा. निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय.

मग रॅम्पवर घ्या. दोन्ही क्राउनचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यांचे, ऑइल लेव्हलचे बोल्ट उघडून आत बोट घाला. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. तापलेलं हाउसिंग ओढ्यात उतरलं की एकदम गार होतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची नळी, तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. बेअरिंग त्यातच जातात. चिखलात गेली नाही म्हणतात ना? सीटच्या रुळांत, मॅटखाली, हेडलाइटच्या मागे नखाने खरवडा. गाडी कितीही धुतली तरी तिथला गाळ निघत नाही.

चासीला नुकताच काळा रंग मारला असेल तर पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि स्टेअरिंग बॉक्सपाशी टॉर्च लावून बघा. कंपनीचं वेल्डिंग सरळ रेघेत असतं, नंतरचं गाठीगाठीचं. चासीला तडा जाऊन जोडलेला दिसला तर भाव कितीही पाडू देत, घेऊ नका.

फोर बाय फोर डांबरावर तपासू नका. वळताना पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, डांबरावर ती घसरतही नाहीत, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. नांगरलेल्या रानात न्या. गाडी थांबवून, क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकांचा जोराचा, हळू गिअर) टाका, आणि पुढची चाकं माती उडवतात का ते बाहेरच्या माणसाला बघू द्या. लिव्हर पडली म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही. गाडी पुढे-मागे घेताना खालून खट्‌ आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस (फिरते सांधे) गेलेत, पण तो खर्च मोठा नाही.

पेठरोड_एमएच१५:
चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. २०१३ ची नोंदणी म्हणजे २०२८ ला फिटनेस करून पुन्हा नोंदणी आणि हरित कर, तेही भावात धरा.

द्राक्षबाग_दिंडोरी:
मालकांशी बोललो. रॅम्पला तयार आहेत, रानात न्यायला नको म्हणतात.

सातपूरचा_मिस्त्री:
रानात नको तर गंगापूर धरणाकडे एखाद्या कच्च्या, भुसभुशीत वाटेवर न्या, दहा मिनिटांचं काम आहे. तेही नको म्हणाले तर ट्रान्सफर केस उघडायचा खर्च धरूनच भाव बोला.